चार आणि एक नाल

"मागं चार लिहिलंय ना? मग चार स्पीकर बॉक्स जोड की, नववी नापास." आमच्या बेंजो पार्टीचे मालक सुदामकाका माझ्या बेस गिटारच्या ॲम्पवर बोट आपटत होते. चारच्या पुढं घोड्याच्या नालेसारखी खूण होती. नाल शुभच, असं त्यांचं म्हणणं.

"काका, ती नाल नाही, ओहम आहे, रोधाचं माप. ॲम्पला कमीत कमी चार लागतात. आपले बॉक्स आठ ओहमचे. दोन जोडले की चार होतात, चार जोडले की दोनच उरतात. ॲम्प जळेल, मग बेस गिटार तुमच्या डोक्यावर वाजवू?"

"जोडल्यावर कमी होतात? म्हणून शाळा सुटली तुझी. समोरच्या पार्टीनं सहा मांडलेत. दोनावर माझी अब्रू जाते."

डोकं फिरलं. ॲम्प उचलून घरी निघणारच होतो. पण काका 'मांडलेत' म्हणाले होते, 'जोडलेत' नव्हे.

मी मिरवणुकीच्या टेम्पोत चारही बॉक्स एकावर एक रचले. वायर खालच्या दोनच बॉक्सना लावली. तार छेडली तसा टेम्पोचा पत्रा थरथरला.

"बघ, चारनं किती फरक पडला," काका म्हणाले.

  ॲम्पवर हात ठेवला, गार होता. टेम्पो हलला, मी वाजवायला लागलो.