नॉक

"ब्लेंकिन, नॉक आहे," वृत्तसंपादकाने टेबलापलीकडून हाक दिली, आणि ब्लेंकिनने निमूटपणे टोपी उचलली.

इतर जगात नॉक म्हणजे दारावरची टकटक. दूधवाला करतो, भाडं मागणारा करतो. हल नावाच्या इंग्रजी बंदरातल्या त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत मात्र या शब्दाचा अर्थ एकच होता: ज्या घरातलं माणूस नुकतंच गेलं त्या घरी जायचं, सांत्वनाचे चार शब्द बोलायचे आणि गेलेल्याचा फोटो मागून आणायचा. जमलं तर घरातले सगळेच फोटो आणायचे, म्हणजे दुसऱ्या पेपरवाल्याला हात हलवत परत जावं लागे. असलं काम कुणाला हवं असणार? ब्लेंकिनचा चेहरा जन्मजात सुतकी, म्हणून ते त्याच्या गळ्यात पडलं होतं.

"स्टॅथर्सबाईचा ॲल्फ," संपादक म्हणाला. "आइसलंडजवळ लाटेनं डेकवरून ओढून नेला. बोटमालकांकडे तार आलीय."

"मिशनचे पाद्री जाऊन आले का तिच्याकडे?" कोळ्यांच्या घरी ही बातमी न्यायचा मान त्यांचा. त्यांच्याआधी कुणी जात नसे.

"गेले असतील की एव्हाना! पळ, नाहीतर ते दुसरे पोचतील."

हेसल रोडच्या गल्लीत मिसेस स्टॅथर्सनी दार उघडलं तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. पदर नव्हता, पण एप्रनचं टोक डोळ्यांना लावलेलं होतं. ब्लेंकिनला हायसं वाटलं. कळलंय बिचारीला, म्हणजे सांगायचं तरी आपल्या वाट्याला नाही.

"ये बाबा, आत ये. थंडी घरात घेऊ नकोस," म्हणत त्या वळल्या.

स्वयंपाकघरात कोपऱ्यात धुण्याचा ढीग पडला होता. "तिकडं बघू नकोस हं. शेजारणीचा नवरा आज सकाळीच बोटीवर गेलाय. आज धुणं काढलं तर तो वाहून जायचा, आणि जन्मभर बोल मला!"

ब्लेंकिनने टोपी काढून छातीशी धरली. तोंडपाठ झालेलं वाक्य आपोआप बाहेर पडलं. "वाईट वेळी आलोय, बाई. पेपरकडून आलोय. मुलाचा एखादा फोटो मिळाला तर..."

मग त्याला टेबलावरची भाजी चिरायची फळी दिसली. तिच्यावर सुरी, आणि अर्धवट चिरलेले कांदे.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मिसेस स्टॅथर्स जागच्या जागी उभ्या होत्या. पेपरवाले फोटो कधी मागतात, हे त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

चुलीवरच्या फळीवर दोन फोटो होते. एक ॲल्फचा, एक केनचा. दोघे भाऊ समुद्रावर, वेगवेगळ्या बोटींवर. बाईंची नजर एका फोटोवर गेली, तिथून दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर. हात मात्र कुठल्याच फोटोकडे गेला नाही.

"बाई, मला वाटलं पाद्री येऊन..." नाव अगदी ब्लेंकिनच्या जिभेवर आलं होतं.

"गप!" त्या ओरडल्या. मग खुर्ची ओढून बसल्या आणि सुरी हातात घेऊन पुन्हा कांदा चिरू लागल्या. डोळे आता पुसत नव्हत्या.

"बस तिथं," त्या खालमानेनं म्हणाल्या. "नाव सांगू नकोस. पाद्री येतील, ते सांगतील. तोवर मला दोन पोरं आहेत."