रात्रीचं मलम

माणिकप्पांना गौरम्माचं तोंड एकदा नीट बघायचं होतं. बाकी कशाचीच त्यांना पर्वा नव्हती.

खड्ड्याच्या पोटात कोरलेल्या कोनाड्यात तिला मांडी घालून बसवली होती. डाव्या तळहातावर तिचं इष्टलिंग, कपाळभर विभूती, गळ्यात बेलाची माळ. रेणापूरच्या लिंगायतांच्या रुद्रभूमीत ऊन मी म्हणत होतं आणि वाऱ्यानं उकरलेली माती उडत होती. माणिकप्पा काठावर उभे. डोळ्यांत मिरचीपूड पडल्यागत आग. पापणी उघडली की खडे टोचायचे, मिटली की बायको दिसायची नाही.

मागं बाया कुजबुजत होत्या. "टिपूस न्हाई बघ डोळ्यात. जलमभर संसार केला संगं. माणूस हाय का दगुड!"

आता या बायांना कोण सांगणार, की ह्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणीच आटलंय? लातूरच्या डॉक्टरांनी दिवसा थेंब आणि रात्री मलम दिलं होतं. माणिकप्पांचा हात कापायचा, म्हणून सगळं गौरम्माच घालायची. "तुमच्या डोळ्याला बी आता टँकर लागतोय बघा," म्हणून हसायची आणि पदरानं गाल टिपायची. काल दुपारी ती गेली, तेव्हापासून डोळे कोरडेच. मयताच्या घरात औषध मागायचं तरी कसं? लाजेपायी रात्रभर ते डोळे मिटून बसले होते.

आता मात्र त्यांना राहवेना.

"वर्षा," त्यांनी किल्लारीहून आलेल्या लेकीला हाक मारली. "माझं डोळ्याचं औषध हाय का गं?"

"हाव अप्पा, आणलंय." निघताना वर्षाराणीनं आईच्या उशाजवळ सापडलं ते औषध पिशवीत टाकलं होतं. तिनं ट्यूब काढली, बापाची मान मागं केली, पापणी ओढली. रडता रडता तिनं ट्यूब दाबली, मलम जरा जास्तच पडलं.

आग थांबली. पण माणिकप्पांनी डोळे उघडले तर सगळं तुपाचा हात लागलेल्या काचेतून बघावं तसं. माळ गेली, विभूती गेली, तोंड गेलं. अरे देवा! हे तर रात्रीचं मलम! हे घातलं की गौरम्मा त्यांना हाताला धरून खाटेवर नेऊन निजवायची.

"उशीर नको," विधी करणारे स्वामी म्हणाले. "विभूती भरा."

"थांबा!" माणिकप्पा ओरडले. "दिसंना मला! जरा थांबा!"

"कसं दिसंल दादा," धाकट्या भावाला, धोंडप्पाला, गहिवरून आलं. त्यानं त्यांना मागून मिठी मारली. मलम वितळून माणिकप्पांच्या गालांवर ओघळत होतं. "रडा दादा. मोकळं व्हा."

"रडला गं बाई एकदाचा," मागून आवाज आला.

"अरं, रडत न्हाई मी! मलम हाय ते! सोड मला!"

पण दुःखात माणूस काय वाट्टेल ते बोलतो, हे सगळ्यांना ठाऊक. धोंडप्पानं मिठी आणखी घट्ट केली. विभूतीच्या टोपल्या रिकाम्या झाल्या. मग मीठ पडलं. मग ढेकळं पडू लागली, आणि माणिकप्पा नुसते आवाज ऐकत राहिले.

दिसायला लागलं तेव्हा माती सपाट झाली होती. मंडळी हातपाय धुवायला नळाकडं निघाली होती. माणिकप्पा तिथंच मातीत बसले.

वर्षाराणी शेजारी येऊन टेकली. तिचं तोंड सुजून लाल झालं होतं.

"तू तर समोरच व्हतीस," ते म्हणाले. "शेवटाला कशी दिसत व्हती गं ती?"

वर्षाराणीनं मातीचं एक ढेकूळ बोटांनी फोडलं.

"मला बी न्हाई दिसली अप्पा," ती म्हणाली. "डोळ्यातलं पाणीच थांबंना."