व्हिटबीतली दुसरी प्लेट

“व्हिटबीमध्ये दोन प्लेट मासे आणि चिप्स,” नाझिया म्हणाली. “आधी हे सांगा. तुमचं कार्ड यावरच अडकलंय.”

नाझिया कौन्सिलकडून, म्हणजे गावच्या नगरपालिकेकडून, आली होती. वय कोवळं, पण आवाज ठाम. तिच्यासमोर चाकांच्या खुर्चीत व्हर्नन ओल्डरॉइड बसले होते. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं, आणि डावी बाजू गेली ती गेलीच. कौन्सिल दर महिन्याला त्यांच्या कार्डावर पैसे भरायची, त्यातून त्यांनी आपली मदतनीस आपणच नेमायची. कार्डाने कुठे काय घेतलं ते कौन्सिलला तिथे बसून दिसायचं.

ती मदतनीस, ग्लेनिस, ओट्यापाशी चहा करत होती. कार्ड कायमचं बंद झालं की ग्लेनिसचं येणं बंद, आणि ती आली नाही की व्हर्ननची रवानगी थेट वृद्धाश्रमात. हे तिघांनाही माहीत होतं. म्हणून तर बोलणं माशांवर चाललं होतं.

“वर्षातून एकदा मी तिथे समुद्र बघायला जातो,” व्हर्नन म्हणाले. “जूनमध्ये. जुनी सवय.”

“खुशाल बघा की. पण दुसरी प्लेट कुणाची?”

“ग्लेनिसची. खुर्ची ढकलून ढकलून तिला भूक लागते. मी काही हलका नाही.”

“हलके?” ग्लेनिस मागे न वळताच म्हणाली. “तुम्हाला त्या चढावर नेणं म्हणजे पियानो ढकलणं आहे, मिस्टर ओल्डरॉइड.”

नाझियाला हसू आलं. “अजून मिस्टर ओल्डरॉइड? कामाला लागून चार वर्षं झाली ना तुम्हाला?”

“कामाच्या जागी कामासारखं वागावं.”

“नावाने हाक मारायला लागली तर पगारवाढ मागेल,” व्हर्नन म्हणाले.

ग्लेनिसने चहा आणला. व्हर्ननच्या उजव्या हातात कप दिला, बोटं त्याच्याभोवती नीट बसवली आणि पकड घट्ट झाल्यावरच आपला हात काढला.

“कार्ड तीन आठवडे बंद आहे,” नाझिया तिला म्हणाली. “म्हणजे पगारही नाही. तरी येताय?”

“बस येते, तशी मीही येते.”

“राहता कुठे?”

“बसस्टँडच्या मागे. एक खोली आहे.”

“एकट्याच?”

“हो.”

नाझियाने लॅपटॉपवर ते टिपून घेतलं. “राग मानू नका, विचारावं लागतं. घरात राहणाऱ्या नातेवाइकाला या कार्डातून पगार देता येत नाही. आणि लोक काय काय करतात म्हणून सांगू! परवा एकाने घरातला सख्खा भाऊ भाडेकरू म्हणून दाखवला आणि त्याला पगार दिला.”

“कमाल आहे लोकांची,” ग्लेनिस म्हणाली.

“इथे आणखी कोण राहतं?”

“कुणी नाही,” व्हर्नन म्हणाले.

“पत्नी?”

“घटस्फोट झाला.”

“दुखण्याच्या आधी की नंतर?”

“नंतर. वर्षाच्या आतच.”

नाझियाला वाईट वाटलं. माणूस अंथरुणाला खिळला की घरची माणसं कशी पाठ फिरवतात, हे तिने या नोकरीत पुष्कळ पाहिलं होतं. त्या न पाहिलेल्या बाईचा तिला रागच आला.

“रात्री कोण असतं तुमच्याजवळ?”

“रात्री कोण असणार? संध्याकाळी ही मला अंथरुणात घालते आणि जाते. मग मी आणि छत.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. बाहेर ढग आलेत, हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. ग्लेनिस पुसलेलीच बशी परत पुसत होती.

नाझियाने लॅपटॉप मिटला. “ती दुसरी प्लेट मी मदतनिसाला सोबत नेण्याच्या खर्चात धरते. उद्या सकाळी कार्ड चालू होईल.”

ग्लेनिस मटकन खाली बसली. इतका वेळ ती घाबरलेली होती, हे नाझियाला आत्ता कळलं.

“फार उपकार झाले, पोरी,” ती म्हणाली.

कोट चढवून नाझिया दारापर्यंत गेली आणि थांबली. तिला राहवेना.

“एक सांगू, मिस्टर ओल्डरॉइड? तुमची बायको इथे राहिली असती ना, तर तिलाही या कार्डातून पगार मिळाला असता.”

“आत्ताच तर म्हणालीस, घरातल्या माणसाला मिळत नाही.”

“नियम तोच आहे. पण दुसरी सोय नसेल तर कौन्सिल परवानगी देऊ शकते. नुसतं विचारायचं असतं. कुणी विचारतच नाही! तुमचं तर मी आठवड्यात करून दिलं असतं.”

ती गेली. बाहेर फाटक लागल्याचा आवाज आला, मग गाडी सुरू झाल्याचा.

ग्लेनिस बसली होती तिथेच बसून राहिली. चहाचे कप तसेच पडले होते.

“नुसतं विचारायचं होतं, ग्लेन,” व्हर्नन म्हणाले. “आणि आपण घटस्फोट घेतला.”