अर्धी दाढी

तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर दोघं बहीणभाऊ बसले होते. पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्यांना आरोग्यखात्याने शौचाच्या चाचणीची बाटली घरपोच पाठवली होती. भावाच्या नमुन्यात रक्ताचा अंश निघाला. तीन आठवडे त्याचा जीव टांगणीला, सलूनला दोन दिवस कुलूप, आणि आज सकाळी दुर्बीण घालून आतडं पाहून झालं. आता निकालाची वाट.

गुंगी पुरती उतरली नव्हती. "ताई," तो म्हणाला, "अण्णांची अर्धी दाढी सांग ना."

ताई हसली. ही गोष्ट तिनेच रंगवावी. त्यांचे वडील, अण्णा, सलूनमध्ये गिऱ्हाइकाला साबण फासायचे, एक गाल साफ करायचे, आणि वस्तरा मिटून मागच्या दाराने धूम ठोकायचे! गिऱ्हाईक फेसाळल्या गालाने आरशात बघत बसायचं. "अण्णा गेले गावाला!" ही दोघं ओरडायची. दहा मिनिटांनी अण्णा कपाळ पुसत हजर. "आलो बुवा, गाडी चुकली!" सगळं दुकान हसायचं. शेवटच्या वर्षी तर दिवसातून चार-पाचदा.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "आतड्यात हरभऱ्याएवढा मांसाचा कोंब होता, काढून टाकला. तपासायला पाठवतोय, पण काळजीसारखं दिसत नाही."

"मला तर काहीच त्रास नव्हता," भाऊ म्हणाला.

"म्हणून तर वेळेत सापडला. सारखं उठून शौचाला जावं लागायला लागलं की लोक येतात. तेव्हा कधीकधी आमच्या हातात फारसं उरत नाही."

त्या आत गेल्या. अण्णा अशक्तपणाने गेले, एवढंच घरात सांगितलं जायचं. ती दहा मिनिटं ते मागे काय करत, हे बघायला कधी कुणी गेलं नव्हतं.

"तेही हसायचे गं," भाऊ हळूच म्हणाला.

"हो. आपल्याबरोबर हसायचे."

ताई उठून नर्सच्या टेबलापाशी गेली. "ती चाचणीची बाटली मिळेल का?"

"तुम्हाला आली नाही?"

"आली होती. मला काय धाड भरलीय म्हणून कचऱ्यात टाकली."

"बहुतेकांना काही निघत नाही हो," नर्स खण उघडत म्हणाली. "कधीकधी नुसताच घोर आणि हेलपाटे."

"होऊ देत हेलपाटे."

नर्सने बाटली पुढे केली. ताईने ती दोन्ही हातांनी घेतली.