बाकावरची जागा

मास्तर चर्चमधल्या ऑर्गनवरचं कापड घडी करून बाजूला ठेवत होते, तेवढ्यात पाळक आत आले. उपासनेला अजून अवकाश होता. बाक सगळे रिकामे होते. पाळकांनी रात्र कुणा आजाऱ्याच्या उशाशी जागून काढली होती. डोळे सुजले होते, सदरा चुरगळला होता.

"मास्तर, आज तुम्ही बाकावर बसा," ते म्हणाले.

मास्तरांना वाटलं, आज आपल्याला बायबलमधलं वचन वाचायला सांगणार. "आणि वाजवणार कोण?"

"तुमची सूनबाई. आजपासून तीच."

मास्तरांनी पायानं भाता मारला आणि एक पट्टी दाबली. बोट थरथरलं, शेजारची पट्टीही वाजली. दोन्ही सूर रिकाम्या चर्चमध्ये एकमेकांत अडकून राहिले.

"हे काम मला देवानं दिलंय," मास्तर म्हणाले. "तुम्ही शाळेतही जात नव्हता, तेव्हापासून मी इथे बसतोय. तो थांब म्हणेल तेव्हा थांबेन."

"तो थांब म्हणाला, हे तुम्हाला कळणार कसं?"

"रोज विचारतो मी त्याला."

"विचारता, की पटवता?" पाळकांच्या आवाजाला धार नव्हती. ते पहिल्या बाकावर मटकन बसले. "मी तरी कोण बोलणारा म्हणा. तुम्हाला हे सांगायचं म्हणून किती रविवार आलो आणि तसाच परत गेलो. तुम्ही दुखावाल म्हणून जीभ रेटत नव्हती. आणि घरी प्रार्थनेत म्हणायचो, प्रभू, तुझ्या वेळेची वाट बघतोय."

"हात थरथरतात, कबूल आहे. पण कान शाबूत आहेत माझे."

"म्हणूनच विचारतो. सुताराच्या अंत्यविधीला काय झालं, ते ऐकलंत ना तुम्ही?"

मास्तरांनी मान खाली घातली. ऐकलं होतं. दुसऱ्या कडव्याला बोटं घसरली, चाल सुटली आणि लोक एकेक करून गप्प झाले. शवपेटीपाशी उभी असलेली सुताराची बायको तेवढी एकटी, कोरड्या आवाजात, शेवटपर्यंत गात राहिली. नंतर मास्तरांपुढे कुणी चकार शब्द काढला नाही. त्यांनीही घरी गेल्यावर, दमट हवेनं ऑर्गन बिघडलाय, एवढंच म्हटलं.

सून दारात येऊन उभी होती. पाळकांनी तिला आधीच विचारलं असणार. ती आत यायला धजत नव्हती. मग हळूच म्हणाली, "पपा, तुम्हीच बसा. मी शेजारी उभी राहते. कुठे अडलंच तर हात लावीन."

हे जमण्यासारखं होतं. मास्तरांना ते लगेच पटलंही. त्यांनी पाळकांकडे पाहिलं. पाळक हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. ते डोळे मिटून बसले होते. त्यांना झोप लागली की काय, असंही मास्तरांच्या मनात आलं. सून दाराची कड धरून तशीच उभी होती. जे काय ठरवायचं ते आता मास्तरांनाच ठरवायचं होतं.

मास्तर उठले.

"स्टूल फिरवून खाली घे," ते सुनेला म्हणाले. "एवढ्या उंचीवरून तुझे पाय पोचायचे नाहीत."

चर्च भरलं. मास्तर बायकोच्या बाकाशी गेले, तेव्हा तिनं शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि थोडी सरकली.

पहिलं गीत सुरू झालं. मास्तर कान टवकारून बसले. सून कुठेतरी चुकावी, एवढीच त्यांची इच्छा होती. ती चुकलीही, पहिल्याच कडव्याला. पण तिनं चाल सोडली नाही, आणि लोक गात राहिले. मास्तरांची बोटं मांडीवर आपोआप हलत होती. त्यांनी एक हात दुसऱ्या हाताखाली दाबून धरला.

"गा की," बायको कुजबुजली.

त्यांनी तोंड उघडलं. चाल अंगात भिनलेली होती, पण शब्द काही येईनात. जन्मभर त्यांनी हे गीत वाजवलं होतं. म्हणायची पाळी कधी आलीच नव्हती.

बायकोनं आपलं पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं आणि एका ओळीखाली बोट ठेवलं. मास्तरांनी चष्मा नीट केला. ‘मुठीत धरिले जे मी, प्रभू, तूच ते सोडव.’

त्यांनी तोंड मिटलं.

मंडळी ती ओळ गाऊन पुढे गेली. कडवं संपलं, पुढचं सुरू झालं. बायकोनं त्यांच्याकडे मान वळवून पाहिलं नाही. ती समोर बघत गात होती. बोट मात्र त्याच ओळीखाली थांबून होतं.

अखेर मास्तरांनी ती ओळ नुसती वाचली, सूर न लावता, शेजारी ऐकू जाईल न जाईल इतक्या हळू. मग बोट पुढे सरकलं.