तीन पानांचा कढीपत्ता

बागकामाच्या ऑनलाइन मंचावर दमयंतीबाई पहिलाच प्रश्न टाकणार, तोच सुनेने हात धरला. "आई, आल्या आल्या प्रश्न विचारायचा नाही. आधी चार जणांना मदत करा, म्हणजे लोक ओळखू लागतात."

म्हणून कुंडीतला तीन पानांचा कढीपत्ता तसाच ठेवून त्या लोकांच्या जास्वंदीवरचा मावा घालवू लागल्या, नव्यांना धीर देऊ लागल्या. सहा महिन्यांत त्यांच्या नावापुढे हिरवं पान आलं, म्हणजे 'बागतज्ज्ञ'.

"आता विचारा," सून म्हणाली.

"आता? आणि ह्या पानाची लाज कोण राखणार?"

मग त्यांनी 'नवखी' नावाने दुसरं खातं उघडून विचारलं, "ताक घालून झालं, तरी माझा कढीपत्ता का वाढत नाही?" लगेच सात जणांनी प्रेमाने स्वागत केलं आणि एकच सल्ला दिला, "दमयंतीबाईंना विचारा."

दोन दिवस 'नवखी' वाट पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी दमयंतीबाईंनी चष्मा पुसला आणि स्वतःच्या नावाने उत्तर लिहिलं, "ताई, माझाही वाढत नाही."

संध्याकाळपर्यंत हिरव्या पानाच्या आणखी अकरा तज्ज्ञांनी खाली लिहिलं, "आमचाही."