तांबड्या नदीकाठची तालीम

मंगळावर जीवसृष्टी शोधायला जाणाऱ्या गाडीची रंगीत तालीम आमच्या तांबड्या नदीकाठी चालली होती. माद्रिदचे शास्त्रज्ञ तंबूत बसून ती दुरून चालवत होते. चार दिवस खडक पोखरून झाल्यावर डॉक्टर लेआंद्रोंनी अहवालात लिहिलं, 'येथे जीवसृष्टी नाही.' त्यांचं जेवण घेऊन आलेल्या आमच्या गावच्या कासिल्दाने ते वाचलं. ती तशीच बाहेर गेली, गाडीच्या चाकाजवळचा दगड उचलून आणला आणि त्यांच्यासमोर उलटा ठेवला. खालून तो हिरवा, ओला होता. "मग हे काय आहे?" "शेवाळ आहे, बाई. पण गाडीला ते दिसलं नाही, त्यामुळे धरता येत नाही." "म्हणजे मंगळावरही वरवर बघून हेच लिहून मोकळे होणार तुम्ही?" कासिल्दाचा आवाज चढला. "खाणवाले असेच आले होते. भरदुपारी, सगळे कामावर असताना. नकाशात लिहिलं, वस्ती नाही. मग आमच्या आळीत सुरुंग लावले. आईला भांडीसुद्धा बाहेर काढू दिली नाहीत." "तालमीचे नियम मला मोडता येत नाहीत," डॉक्टर हळूच म्हणाले. "मोडू नका. खोटं मात्र लिहू नका." लेआंद्रोंनी ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'आम्हाला जीवसृष्टी दिसली नाही.' कासिल्दाने ते दोनदा वाचलं. तिचा राग उतरला नव्हताच. "एवढंच त्या लोकांनी लिहिलं असतं," ती म्हणाली, "तर कुणीतरी पुन्हा बघायला आलं असतं."